कोंबडीची जाळी आणि माझ्या दुकानातली एक चूक

व्हिडिओत खुराड्याची जाळी कशी ठोकायची ते पाहिलंत. तिथे वेळ कमी पडला, म्हणून हिशोब आणि थोडं राहिलेलं इथे लिहितोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बचत गटाकडून कर्ज काढून ३० गावरान कोंबड्या पाळणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. ८ बाय ६ चं खुराडं, ५ फूट उंची. "स्वस्तातली जाळी द्या," म्हणाल्या. मी षटकोनी कोंबडी जाळी काढून दिली. नावातच कोंबडी आहे, मग काय! बिल केलं आणि विसरून गेलो.

तीन महिन्यांनी त्याच ताई परत आल्या. दोन रात्रींत ९ कोंबड्या गेल्या होत्या. सहा मेलेल्या सापडल्या, तीन गायब. गटाचा हप्ता आठवड्यावर आलेला. मला एक शब्द उलटा बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आता नीट ऐका. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं काम तिचं नाही. तार बारीक असते, नुसती पिळलेली असते. जोर लावला की वाकते, गंजली की सुटते. बाहेरच्यासाठी वेल्डमेश लागते, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची.

ताईंचा पक्का समज होता की मुंगूस आलं. म्हणून त्या दिवसा कोंबड्या कोंडून ठेवत होत्या आणि रात्री निर्धास्त झोपत होत्या. पण मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. सकाळी कोंबड्या मोकळ्या सोडल्या की कुंपणाच्या कडेने येतं, पिल्लं आणि अंडी उचलतं. रात्री येणारे वेगळे: रानमांजर, उदमांजर, घूस, साप. चोर कोण हे कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं ते कळत नाही.

मग ओळखायचं कसं? फुकटातला उपाय सांगतो. रात्री खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून हातभर रुंद पट्टा टाका. सकाळी झाडायच्या आधी बघा. मांजराच्या पावलाला चार बोटं दिसतात, नखं सहसा उमटत नाहीत. मुंगसाची नखं उमटतात. अंडं टरफलासकट नाहीसं झालं तर सापाचा संशय घ्या. लहान पिल्लं एकेक करून कमी होत असतील तर आधी घुशीचं बीळ शोधा. ताईंकडे राखेत मांजराचे ठसे आले, पण नेहमीच्या बोक्यापेक्षा मोठे. कोपऱ्यात जाळी खालून उचकटलेली होती. आम्ही रानमांजर धरून चाललो.

आता पैशाचं. ताई म्हणाल्या, "शंभराचं पिल्लू होतं, नऊशे गेले." इथेच बहुतेक जण चुकतात. पिल्लू १०० चं, पण अंड्यावर येईपर्यंत खाद्य-औषधाचे २०० धरा. म्हणजे ३०० ची कोंबडी, नऊंचे २,७००. वर्षाला ७० अंडी आणि खर्च जाऊन अंड्यामागे ७ रुपये धरले, तर एका कोंबडीचे ४९०, नऊंचे ४,४१०. एकूण ७,११०. खुराड्याच्या चारही बाजू मिळून १४० चौरस फूट. दोन जाळ्यांच्या भावात तेव्हा फुटाला साधारण १० रुपयांचा फरक होता, म्हणजे १,४००. हा प्रश्न मी बिल करताना विचारायला हवा होता. बीबीए करून काय उपयोग!

जाळी बदलताना खालची कड विसरू नका. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरतो. म्हणून दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधा, वर माती आणि दगड टाका. उकरताना पंजा जाळीवर आपटतो, आणि मागे सरून दीड फुटावरून उकरायचं त्याला सुचत नाही. वरूनही बंद पाहिजे. उदमांजर झाडावरून सहज उतरतं. दाराला सुतळीची गाठ चालणार नाही, कडी आणि खिळा लावा. रात्री खाद्याचं भांडं आत ठेवू नका, घुशीला आमंत्रण जातं. खुडूक कोंबडी अंगणात कुठेतरी बसली असेल तर तिलाही अंड्यांसकट आत आणा. दिवसा लहान पिल्लांवर घार आणि कावळ्याचं लक्ष असतं, त्यांना हिरव्या शेडनेटखाली ठेवा.

शेजारच्या एका काकांनी ताईंना सल्ला दिला होता, मटणात विष कालवून ठेव. अजिबात नको! मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मारणं, फासा लावणं हा गुन्हा आहे. शिवाय ते विष गावातलं कुत्रं खाईल, नाहीतर तुमचीच कोंबडी टोचेल. प्राणी आत अडकलाच तर दार बंद ठेवून वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

एक गोष्ट जाळीने सुटत नाही. संध्याकाळी कोंबड्या कोण डालणार? कोंबडीला अंधारात दिसत नाही, एकदा बसली की हलत नाही, आणि दार उघडं राहिलं तर जागेवरच सापडते. लग्नाला गेलो, बाजारला उशीर झाला, "मला वाटलं तू लावलंस"... नुकसान अशाच दिवशी होतं. नाव ठरवा, आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं कोण, तेही ठरवा. ताईंकडे हे काम आता सासूबाईंकडे आहे. दिवेलागणीआधी त्या मोजून आत घेतात.

ताईंची नवीन जाळी मी खरेदीच्या भावात दिली, पैसे चार महिन्यांत घेतले. गटाचा तो हप्ता उशिरा गेला, दंड लागला. आज त्यांच्याकडे २६ कोंबड्या आहेत.

तुम्ही आज एवढंच करा: भर दुपारी खुराड्याचं दार लावून आत बसा. जाळी सोडून जिथून जिथून उजेड येतोय, तिथे बोट घालून बघा. अंगठा आरपार जात असेल तर ती फट आज संध्याकाळच्या आत बुजवा.