मीटर माणसाजवळ धर

बाळ, तुला दिलेला मीटर जुना सेकोनिक एल-३९८ आहे. त्याला बॅटरी लागत नाही. सेलेनियमवर उजेड पडला की काटा हलतो. नवा रोल भरलास की आधी चकती त्या रोलच्या आयएसओवर आण.

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो आणि समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मस्कतमध्ये हे पावलोपावली चुकतं. घरं पांढरी, पुरुषांची पायघोळ दिशदाशा पांढरी. मीटर म्हणतो उजेड फार झाला, तू अ‍ॅपर्चर बारीक करतेस आणि दिशदाशा मळकट येते. बायकांच्या काळ्या अबायाचं नेमकं उलटं होतं. म्हणून हातातल्या मीटरवरचा पांढरा घुमट वापर. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या चेहऱ्याजवळ मीटर धर, घुमटाचं तोंड कॅमेऱ्याकडे, सूर्याकडे नाही. मग पडणारा उजेड मोजला जातो, कपडा कुठल्या का रंगाचा असेना.

त्यासाठी माणसाजवळ जावं लागतं, आणि मला तेच या मीटरचं मोठं देणं वाटतं. निझव्याच्या शुक्रवारच्या बकऱ्यांच्या बाजारात आधी सलाम कर, फोटो काढू का विचार, मीटर दाखव. बायकांचा फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नकोस. माणूस अर्धा उन्हात, अर्धा सावलीत असेल तर निगेटिव्ह रोलसाठी सावलीत मोज, स्लाइडसाठी उन्हात. निगेटिव्हला जास्तीचा उजेड सोसतो, स्लाइडला नाही.

जबल शम्सच्या डोंगरावर मात्र वादी घूल दरीचा पलीकडचा कडा गाठता येत नाही. त्याच्यावर आणि तुझ्यावर एकच ऊन असेल तर उभी आहेस तिथेच, घुमटाचं तोंड तसंच ठेवून मोज. कडा सावलीत गेला असेल तर आपल्या अंगाची सावली घुमटावर पाड.

भर उन्हात काटा टोकाला जाऊन थांबतो. तेव्हा सोबतची भोकांची पट्टी खाचेत सरकव आणि आकडा ‘एच’ खुणेवर लाव. मत्रहच्या अंधाऱ्या बाजारात, सूकमध्ये शिरताना ती काढ, नाहीतर काटा जागचा हलणार नाही.

पडताळा हवाच. स्वच्छ उन्हात १०० आयएसओला एफ १६ आणि १/१२५ च्या आसपास उत्तर यायला हवं. फारच वेगळं आलं तर चकती बघ. सलालाहला खरीफमध्ये, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हा आडाखा विसर. धुकं घडीघडीला दाट-विरळ होतं, म्हणून प्रत्येक फोटोआधी मोज.

आणि लेन्सवर पोलरायझर चढवलास तर ते मीटरला कळत नाही. दीड ते दोन स्टॉप तुलाच वाढवावे लागतील, पिवळ्या फिल्टरला साधारण एक.