सीट विकू नका, ‘स्पेशल’ विका! सँटोरिनीच्या बोटीचा धडा परतवाड्याच्या गाडीसाठी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्रीसमधल्या एका बेटावरच्या बोटीच्या धंद्याबद्दल बोललो. तिथे हिशोब पूर्ण मांडायला वेळ पुरला नाही, म्हणून तो इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. नुसतं वाचून सोडलं तर उपयोग नाही.

आधी प्रश्न कुठून आला ते सांगतो. आपल्या बॅचमधल्या एका पोरानं कर्ज काढून सात सीटची गाडी घेतली. आईचे दागिने गहाण ठेवून डाउन पेमेंट भरलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सीटवर पॅसेंजर नेतो. तो म्हणाला, "सर, गाडी रोज फिरते, तरी हप्त्याच्या तारखेला खिशात पैसा नसतो. काऊन?"

या ‘काऊन’चं उत्तर मला सापडलं ते सँटोरिनीच्या बोटीत. कसं, ते पाहू.

१. सँटोरिनीत नेमकं काय विकतात?

सँटोरिनी, म्हणजे ग्रीक लोकांचं थिरा, हे ज्वालामुखीचं बेट आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तिथे प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. आज बेट चंद्रकोरीसारखं दिसतं. आतल्या बाजूला जवळपास ३०० मीटर उंचीचे सरळ कडे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर पांढरी घरं. मधल्या पाण्यात निया कामेनी नावाचं काळं बेट आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० साली झाला.

हे सगळं नीट दिसतं ते पाण्यातून. म्हणून तिथला बोटीचा धंदा मोठा. साधारण पाच तासांची फेरी असते. दक्षिणेकडच्या व्लिहाडा बंदरातून किंवा उत्तरेकडच्या अमूदीहून बोट निघते. लाल खडकांचा किनारा, पांढरा किनारा आणि गरम झऱ्यांजवळचं कोमट, तांबूस पाणी अशा ठिकाणी ती थांबते. लोक पोहतात. जेवण बोटीवरच शिजतं. संध्याकाळच्या फेरीत शेवटी इया गावाखाली बोट उभी करून सूर्यास्त दाखवतात. हॉटेलवरून नेणं-आणणंही बहुतेक वेळा त्यातच असतं.

आता मुद्द्याचं. हीच फेरी दोन प्रकारांनी विकली जाते. एक म्हणजे सीटवर: अनोळखी लोक एकत्र, माणशी दर. दुसरी खासगी: अख्खी बोट एका कुटुंबाची, एकच दर. समुद्र तोच, कडे तेच, सूर्य तर एकच. पुष्कळदा बोटही तशीच असते. तरी खासगी फेरीसाठी माणूस कितीतरी जास्त पैसे मोजतो.

का? कारण तिथे निर्णय त्याचा असतो. कुठे जास्त वेळ थांबायचं, आजीला उन्हात बसवायचं की सावलीत, लेकराला झोप लागली तर पुढचा थांबा गाळायचा की नाही, हे तो ठरवतो. कोणाची वाट पाहावी लागत नाही, कोणी घाई करत नाही. त्याच्यासाठी किंमत या मोकळेपणाची आहे. आपल्याकडे यालाच लोक म्हणतात, "स्पेशल गाडी केली."

२. आता आपला हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही टाका.

दर महिन्याचा स्थिर खर्च, म्हणजे गाडी उभी असली तरी होणारा (हप्ता, विमा, टॅक्स): १८,००० रुपये.

एका फेरीचा चालता खर्च:
– डिझेल १,४००
– ड्रायव्हरचा भत्ता ७०० (स्वतः चालवत असाल तरी धरा, तुमची मेहनत फुकट नाही)
– पार्किंग, प्रवेश ३००
– टायर, ब्रेक, सर्व्हिसिंगसाठी बाजूला ६००
एकूण ३,००० रुपये.

सीटचा धंदा: सहा सीट, माणशी ९०० रुपये. गाडी फुल भरली तर ५,४००. पण रोज फुल कुठे भरते? सरासरी चार सीट धरा. ३,६०० आले, ३,००० गेले. फेरीमागे उरले ६००. आता १८,००० भागिले ६००, म्हणजे ३०. महिन्याचे तीसही दिवस गाडी फिरली तर फक्त स्थिर खर्च निघतो. सुट्टी नाही, आजारपण नाही, नफा नाही.

स्पेशलचा धंदा: अख्ख्या गाडीचे ६,००० रुपये. त्यात चहा-नाश्ता, पाणी, किल्ल्यावर सोबत फिरून माहिती देणारा माणूस, यासाठी ५०० रुपये जास्त खर्च करा. म्हणजे ३,५०० गेले, २,५०० उरले. १८,००० भागिले २,५००, म्हणजे सातच्या वर. आठव्या फेरीला तुम्ही नफ्यात. बारा फेऱ्या झाल्या तर १२,००० रुपये हातात.

पाहा राजेहो, एकीकडे तीस फेऱ्या करून शून्य, दुसरीकडे बारा फेऱ्यांत १२,०००. आणि सहा जणांच्या कुटुंबाला माणशी पडले १,०००. सीटपेक्षा फक्त शंभर रुपये जास्त.

त्या पोराच्या ‘काऊन’चं उत्तर हेच. त्याची गाडी फिरत होती, पण रिकामी सीट घेऊन फिरत होती. रिकाम्या सीटचं डिझेल तो स्वतःच्या खिशातून भरत होता.

३. हे आपल्या राज्यात चालतं का?

चालतं. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाला जा. तिथून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, तिकिटाच्या लाँच जातात. त्याच धक्क्यावरून तासाच्या भाड्यानं अख्खी बोट घेऊन वाढदिवस करणारे, सूर्यास्त पाहणारे लोकही निघतात. पाणी एकच, गिऱ्हाईक वेगळं, दर वेगळा.

आणि गंमत पाहा. घारापुरीची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो ज्वालामुखीचाच दगड. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलं. वेरूळ-अजिंठा त्याच दगडात आहेत. आपल्या चिखलदऱ्याचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे दिसणारे कडेही त्याच दगडाचे. पंचबोल पॉइंटवर उभे राहा आणि समोरच्या कड्याचे थर मोजा. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट.

सँटोरिनीचा नावाडी आपल्या कड्याची गोष्ट सांगून पैसे कमावतो. आपला गाडीवाला मात्र म्हणतो, "हा पॉइंट आहे, दहा मिनिटं, लवकर या." दगड दोघांकडे ज्वालामुखीचाच, मग फरक कशात राहिला? गोष्टीत.

४. स्पेशल म्हणजे काय द्यायचं?

नुसता दर वाढवला की स्पेशल होत नाही. फेरी बांधावी लागते. एक नमुना देतो.

– सकाळी घरून किंवा हॉटेलवरून घ्या. स्टँडवर बोलावू नका.
– अचलपुरात हौज कटोरा दाखवा. बाहेरची माणसं ते न पाहताच पुढे जातात.
– चिखलदऱ्यात देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल. सगळे पॉइंट उरकायचे नाहीत. चारच, पण निवांत.
– गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला कसा घेतला, ते पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. नसेल येत तर शिका.
– चिखलदऱ्याची कॉफी. विदर्भात कॉफी पिकते हे ऐकूनच पाहुणे चकित होतात.
– शेवटी सूर्यास्त. सँटोरिनीवाले तो शेवटीच ठेवतात, कारण माणूस शेवटचं दृश्य सोबत घेऊन घरी जातो.

मुक्तागिरी जोडायची असेल तर लक्षात ठेवा, ते मध्य प्रदेशात येतं. तुमच्या परमिटवर त्या राज्यात जाता येतं का, हे आधी पाहा. सीमेवर पाहुण्यांसमोर अडकलात तर स्पेशलपणा तिथेच संपला.

५. माझी चूक, तुम्ही करू नका

मीही सुरुवातीला गाडी चालवली आहे. एकदा अकोल्याच्या एका कुटुंबानं माझी अख्खी गाडी केली. चार माणसं होती, दोन सीट रिकाम्या. परतवाड्याला दोन पोरं उभी होती. मी म्हटलं, जागा आहे, बसवून घेऊ. सहाशे रुपये वरचे मिळतील.

कुटुंब काही बोललं नाही. दिवसभर सगळे गप्प गप्प बसले. घरातल्या गोष्टी अनोळखी पोरांसमोर कोण बोलणार? संध्याकाळी पैसे देताना आजोबा एवढंच म्हणाले, "बाबू, गाडी त आमी केली होती ना?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. त्यांच्या ओळखीतल्या कोणाचाही आला नाही. सहाशे रुपयांत मी किती गिऱ्हाइकं विकली, त्याचा हिशोब आजही लागत नाही.

स्पेशल विकताना तुम्ही शब्द विकता. रिकामी सीट दिसली तरी ती तुमची नाही, त्यांनी तिचे पैसे दिले आहेत.

६. हवा बिघडली तर?

सँटोरिनीत उन्हाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. वारा मर्यादेबाहेर गेला की बोटी निघत नाहीत. म्हणून चांगले बोटवाले बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवतात: फेरी रद्द झाली तर दुसरा दिवस किंवा पैसे परत.

आपल्याकडे पावसाळ्यात धुकं असतं. पाहुणे दोनशे किलोमीटरवरून येतात आणि पॉइंटवर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. घाटात दरड आली तर रस्ताही बंद. मग भांडण. यावर उपाय एकच, आधीच लिहून द्या. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरेत: धुकं असेल तर काय दाखवू, रस्ता बंद झाला तर किती पैसे परत, ॲडव्हान्स किती, गाडीत जास्तीत जास्त किती माणसं.

७. कागद आणि जीव

इथे मी मस्करी करत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं बुडून गेली. त्या दिवसापासून लाइफ जॅकेटचा विषय पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. अपघात तुमच्या चुकीनं होईलच असं नाही, पण तयारी तुमचीच असली पाहिजे.

– पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीनं भाडं मारू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग दागिनेच काय, घरही जातं.
– पासिंग जेवढं, माणसं तेवढीच. "लेकरू आहे, मांडीवर बसेल" हे घाटात चालत नाही.
– ब्रेक, टायर, फिटनेस, पीयूसी यांच्या तारखा भिंतीवर लिहा.
– घाट उतरताना दारू प्यालेला ड्रायव्हर नको. तो तुमचा सख्खा भाऊ असला तरी नको.

८. एका सीझनवर हप्ता बांधू नका

सँटोरिनीचा धंदा साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. तेवढ्यात वर्ष काढायचं. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसले आणि हजारो लोक बेट सोडून गेले. ज्या डोंगरानं पोट भरलं, त्याच डोंगराच्या भीतीनं बंदर ओस पडलं.

आपला सीझन म्हणजे पावसाळा आणि सुट्ट्या. जुलै-ऑगस्टची कमाई पाहून मोठा हप्ता बांधू नका. फेब्रुवारीच्या कमाईवर जो हप्ता निघतो, तोच तुमचा हप्ता. आणि सीझनमधल्या प्रत्येक स्पेशल फेरीतून ५०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. ते पैसे विसरून जा. पडत्या महिन्यात तेच तारतील.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा महिन्याचा स्थिर खर्च आणि एका फेरीचा चालता खर्च लिहा. कितव्या फेरीला नफा सुरू होतो ते काढा.
२. चार थांब्यांची एक स्पेशल फेरी बांधा. प्रत्येक थांब्याची दोन मिनिटांची गोष्ट घरच्यांना सांगून पाहा. आईला मजा आली तर पाहुण्यांनाही येईल.
३. बुकिंगच्या वेळी पाठवायच्या चार अटी लिहून मोबाइलमध्ये ठेवा.

गाडी नाही? हरकत नाही. मंडप असो, डबा असो, फोटोग्राफी असो, हाच हिशोब लावा. तुमच्या धंद्यात ‘रिकामी सीट’ कोणती, आणि ‘अख्खी बोट’ कोणती?

त्या पोरानं मागच्या आठवड्यात पहिल्या तीन स्पेशल फेऱ्या केल्या. दागिने अजून सुटले नाहीत. पण कितव्या फेरीला सुटतील, हे आता त्याच्या वहीत लिहिलेलं आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोब चोख ठेवा!