आई-वडिलांना घेऊन काठमांडूला



आपल्या बीड जिल्ह्यातली माणसे देवाधर्मासाठी लांबलांब जातात. परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी तर घरचीच. पंढरीची वारी दरसालची. कोणी काशीला जातो, कोणी रामेश्वराला. अलीकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आणखी एक इच्छा ऐकू येते. "डोळे मिटायच्या आत एकदा पशुपतिनाथ पाहावा." पशुपतिनाथ काठमांडू शहरात आहे. काठमांडू ही नेपाळची राजधानी. नेपाळ हा निराळा देश आहे. म्हणजे हा प्रवास परदेशाचा झाला.

परदेश म्हटले की आपण बिचकतो. पण भिण्याचे कारण नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात शिरण्याची परवानगी.

म्हातारी माणसे बरोबर असली म्हणजे बेत कसा करावा, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा बेत वाचता येणाऱ्या माणसाने करावा. तुमच्या घरात तो माणूस आता तुम्ही आहात.

१. आधी त्यांना विचारा

पुष्कळ मुले तिकीट काढून मग घरी सांगतात. असे करू नये. वडिलांना काय पाहायचे आहे ते विचारा. आईलाही वेगळे विचारा. आई बहुधा म्हणेल, "तुम्ही न्याल तिथं मी येईन." तेवढ्यावर थांबू नका. गुडघे किती दुखतात, रात्री किती वेळा उठावे लागते, गाडी लागते का, हे तिच्याकडून काढून घ्या.

मग एक सोपी परीक्षा घ्या. दोघांना परळीला न्या. वैजनाथाच्या पायऱ्या ती कशी चढतात, किती वेळा बसतात, ते पाहा. त्यावरून काठमांडूत किती चालवायचे याचा अंदाज येतो. नंतर डॉक्टरला दाखवा आणि त्याचा सल्ला घेऊनच तारीख ठरवा.

२. कार्ड वाचा

समजा, मुलगा विचारतो, "आण्णा, तुमचं वय किती?" आण्णा म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो. पंधरा वर्षांचा असेन." म्हणजे आण्णांचे खरे वय पासष्टच्या वर गेले. पण आधार कार्डावर जन्मसाल १९६४ लिहिले असले तर? कागदाने आण्णा अजून पासष्टच्या आतच. सरकार कागदावरचे वय धरते.

आपल्याकडे असे फार आहे. शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख पुष्कळदा १ जून असते. शाळा जूनमध्ये भरे. तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून टाकीत. ज्यांच्याजवळ दाखलाच नव्हता, अशा कितीतरी लोकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे.

याचा प्रवासाशी काय संबंध? आहे. नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. ज्यांचे वय पासष्टच्या वर किंवा पंधराच्या आत आहे, त्यांनाच आधार कार्ड चालते. ही सवलत २०१९ साली मिळाली. मधल्या वयाच्या माणसाला नुसते आधार कार्ड चालत नाही. कागदाने पासष्टच्या आत असलेले आण्णा आधार कार्ड घेऊन गेले, तर विमानतळावरून परत फिरावे लागेल. हजार मैलांच्या वाटेवर म्हाताऱ्या माणसाला असे परत फिरवणे बरे नव्हे.

तेव्हा सोपा मार्ग असा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने मतदार ओळखपत्र बरोबर घ्यावे. ते अस्सल असावे. झेरॉक्स चालत नाही. कार्डावरचे नाव एकेक अक्षर लावून वाचा. तिकिटावरही तेच नाव आले पाहिजे. चूक असली तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत तिकीट काढू नका.

३. महिना ठरवा, पैसा मोजा

नेपाळात जून ते सप्टेंबर पावसाळा असतो. घाटात दरडी कोसळतात. त्या दिवसांत म्हाताऱ्यांना नेऊ नये. जानेवारीत थंडी कडक. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते. पण तेव्हाच आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांना गुढीपाडव्यानंतरचे दिवस सोयीचे. टोळ्या गावी परतलेल्या असतात. तेव्हा काठमांडूत आपल्यासारखे ऊन नसते. दुपारनंतर एखादी वळवाची सर येते, एवढेच.

मुकादमाची उचल या प्रवासात खर्चू नका. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच घेतलेली. ती देवाला जाऊन खर्चली, तर पुढचे सहा महिने सगळ्या घराने ती फेडायची. आई-वडिलांनाही असे दर्शन गोड लागणार नाही. एखादे वर्ष थांबा, पोस्टात पैसे साठवा आणि मग जा.

नेपाळी रुपया आपल्या रुपयाहून लहान आहे. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. १९९३ पासून हाच भाव आहे. भाव सांगणारा कोणत्या रुपयात सांगतो, ते दरवेळी विचारून घ्या. आपल्या मोठ्या नोटांवर नेपाळात अनेक वर्षे बंदी होती. हे नियम बदलत असतात. म्हणून १०० रुपयांच्या नोटा न्याव्या, आणि मोठ्या नोटांविषयी निघण्याआधी बँकेत विचारावे.

४. वाट निवडा

वाटा दोन. पहिली रेल्वेची. परळीहून परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या मार्गाने मनमाड. मनमाडला काशी एक्सप्रेस मिळते. ती काशीवरून गोरखपूरला जाते. गोरखपूरहून मोटारीने सोनौलीची सीमा. सीमेपलीकडे भैरहवा गाव. तिथून काठमांडूची बस घाटातून जाते. तिला अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र लागते. या वाटेने पैसा कमी लागतो, पण अंग शिणते. म्हणून सलग जाऊ नका. काशीत एक मुक्काम करा, भैरहव्यात दुसरा करा. भैरहव्याजवळच लुंबिनी आहे. तिथे भगवान बुद्धांचा जन्म झाला. सम्राट अशोकाने तिथे दगडी खांब उभारून त्यावर ही गोष्ट कोरून ठेवली. तो खांब आजही उभा आहे.

दुसरी वाट विमानाची. मुंबईहून किंवा दिल्लीहून विमान थेट काठमांडूला जाते. दिल्लीहून सुमारे दोन तास लागतात. गुडघे दुखणाऱ्यांना हीच वाट बरी. विमानतळावर चालणे फार असते. म्हणून तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. वडील म्हणतील, "मी काय लंगडा आहे?" त्यांना सांगा, "आण्णा, पाय दर्शनाला लागायचे आहेत. ते इथं कशाला झिजवता?"

५. दिवसाला एकच ठिकाण

पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. जेवा, झोपा. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ. देऊळ बागमती नदीच्या काठी आहे. चामड्याचा पट्टा, चामड्याचे पाकीट आत नेऊ देत नाहीत. ते मुक्कामी ठेवा. नदीच्या घाटावर उघड्यावर प्रेते जाळतात. हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवा. म्हाताऱ्या मनाला एकाएकी ते दिसले, तर धक्का बसतो.

तिसऱ्या दिवशी बुढानीलकंठ. तिथे पाण्यात शेषावर निजलेल्या विष्णूची मोठी काळी मूर्ती आहे. चौथ्या दिवशी स्वयंभू स्तूप. त्याला एका बाजूने ३६५ पायऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूने मोटार बरीच वर जाते. मोटारीनेच जा. रोज दुपारी विश्रांती हवीच.

कोणी म्हणेल, "आलाच आहात तर मुक्तिनाथही करा." मुक्तिनाथ ३,७०० मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ असते. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला डॉक्टरला विचारल्यावाचून नेऊ नका.

औषधे पूर्ण दिवसांची घ्या, वर आठ दिवसांची जास्त. ती हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरची चिठ्ठीही त्यातच ठेवा. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीतले प्या. तिकडे डाळभात मिळतो. भाकरीची आठवण आली तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

६. खिशातली चिठ्ठी

आता सर्वांत मोलाची गोष्ट. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरी अक्षरांत लिहितात. तुम्ही पाटीवर जो क, ख, ग गिरवला, तोच काठमांडूच्या दुकानांवर रंगवलेला आहे. "शौचालय" तुम्हाला वाचता येईल. "प्रवेश निषेध" वाचता येईल. "अस्पताल" म्हणजे दवाखाना. "पसल" म्हणजे दुकान. "औषधि पसल" म्हणजे औषधाचे दुकान.

गर्दीत म्हातारे माणूस चुकते. म्हणून दोन चिठ्ठ्या तुमच्या हाताने लिहा. एक वडिलांच्या खिशात घाला. दुसरी आईच्या कमरेच्या पिशवीत. त्यावर हे लिहा : नाव, गाव, भारत, मुक्कामाच्या जागेचे नाव व पत्ता, तुमचा फोन, आजाराचे नाव. अक्षर मोठे व सुटे असावे. तिथला पोलीस किंवा दुकानदार ती चिठ्ठी वाचू शकेल. तुमच्याजवळच्या कागदावर आणखी दोन ओळी लिहा. नेपाळात पोलिसांचा फोन १००, रुग्णवाहिकेचा १०२. भारताचा राजदूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे.

ज्या वडिलांनी बोट धरून तुम्हाला जत्रा दाखवली, त्यांचे बोट आता तुमच्या हातात आहे. जत्रा मोठी आहे. चिठ्ठी नीट लिहा.

अभ्यास

१. आपले ५०० रुपये म्हणजे नेपाळी रुपये किती?
२. घरातल्या सर्वांची ओळखपत्रे वाचा. नाव, जन्मसाल व गाव वहीत उतरून काढा. चूक दिसल्यास तिच्याखाली रेघ ओढा.
३. वर सांगितल्याप्रमाणे आई-वडिलांच्या खिशातली चिठ्ठी लिहा आणि ती शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला न अडखळता वाचता आली का?