वृक्ष आणि त्यांची नावे

तंजावूरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये समुद्रकाठचे तरंगमबाडी हे गाव डेन्मार्ककरांना दिले. तेथे १७०६ मध्ये सुरू झालेल्या मिशनमध्ये धर्मप्रसाराबरोबर वनस्पतींचे निरीक्षणही चालत असे. लिनियसचा शिष्य योहान क्योनिग १७६८ मध्ये मिशनचा वैद्य म्हणून तेथे आला. त्याने वाळवलेले नमुने युरोपात पोहोचले आणि १७७१ मध्ये लिनियसने कढीलिंबाला त्याचे नाव जोडले. आपल्या फोडणीतील या पानाच्या शास्त्रीय नावात ‘कोएनिगी’ हा शब्द आजही आहे. रॉटलर या मिशनऱ्याचे नाव कपिला वृक्षास मिळाले होते. पुढे वर्गीकरण बदलल्याने ते मागे पडले.

याच मिशनचा श्वार्ट्झ उत्तरायुष्यात तंजावुरात राहिला. त्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी (राज्यकाल १७९८–१८३२) औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

मात्र हे ज्ञान केवळ परदेशीयांनी निर्माण केले, असे समजणे चुकीचे ठरेल. तमिळ लोक कढीलिंबास करुवेप्पिलै, म्हणजे ‘काळ्या कडुलिंबाचे पान’, असे पूर्वापार म्हणत आले आहेत. झाडे दाखविणाऱ्या स्थानिक वैद्यांची व माळ्यांची नावे शास्त्रीय नामावलीत क्वचितच आढळतात. बागेतील वृक्ष कालांतराने वठतो. त्याचे नाव टिकते, आणि ते कोणाचे टिकावे हा प्रश्नही त्यासोबत उरतो.