मोठं झालेलं हृदय साखर का मागतं?



आंतरेंद्रियांचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "हृदय कधी दमत नाही का?" याचं उत्तर हृदयाच्या इंधनात आहे. चला, समजून घेऊ.

निरोगी हृदयाचं इंधन

मुठीएवढं हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडधडतं. त्याच्याजवळची तयार ऊर्जा काही सेकंदच पुरते, म्हणून इंधन सतत जाळावं लागतं. बहुतेकांना वाटतं, हे इंधन म्हणजे साखर. प्रत्यक्षात मोठ्या माणसाचं हृदय ६० ते ७० टक्के ऊर्जा चरबीतून, म्हणजे स्निग्धाम्लांतून मिळवतं. उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट वगैरेंतून येते.

हृदय मोठं होतं तेव्हा

रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला किंवा झडप अरुंद झाली, की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्याचे स्नायू जाड होतात. मग चरबी जाळणारी यंत्रणा मंदावते आणि हृदय रक्तातलं ग्लुकोज जास्त ओढू लागतं.

गंमत बघा, आईच्या पोटातल्या बाळाचं हृदयही मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटवरच चालतं. जन्मानंतर ते चरबीकडे वळतं. म्हणजे आजारी हृदय पुन्हा बाळपणीची सवय धरतं!

यात सुरुवातीला थोडा फायदाही असतो. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेपासून चरबीपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मिळते.

मग बिघडतं कुठे?

आपल्या मुळशीतल्या घरांतली चूल आठवा. काटक्या भराभर कोंबल्या, पण वारा लागला नाही, तर जाळ कमी आणि धूर जास्त. इथेही तसंच होतं. ग्लुकोज आत येतं, त्याचा पहिला टप्पा वेगाने होतो, पण पूर्ण ज्वलन त्या प्रमाणात वाढत नाही. पहिल्या टप्प्यात एका ग्लुकोज रेणूपासून एटीपीचे, म्हणजे ऊर्जेचे, फक्त २ रेणू हाती लागतात. पूर्ण जळला तर सुमारे ३०! त्यामुळे पेशीत आम्लता वाढते, ऊर्जा कमी पडते आणि पुढे हृदय थकतं.

व्यायामाने वाढलेलं हृदय मात्र वेगळं. पैलवानाचं, धावपटूचं हृदय मोठं झालं तरी चरबी आणि साखर दोन्ही नीट जाळतं.

एक गैरसमज

"हृदयाला साखर लागते, मग ग्लुकोज पावडर द्या," असं कुणी म्हणेल. तसं करू नका. इथे साखरेचा तुटवडा नसतो, ती जाळण्याची व्यवस्था बिघडलेली असते. हृदयावरचा भार कमी करणं हाच खरा उपाय. म्हणून घरातल्या आजी-आजोबांनी "आता बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नये.

आपल्या हातात काय?

मुलांमध्ये घसादुखीकडे दुर्लक्ष झालं तर काही वेळा संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. घसादुखी आणि तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, खेळताना धाप लागू लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा हृदयाचे दोषही तपासले जातात. त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये, एवढं आपण नक्की बघू शकतो.

वर्गात करून पाहा

मुलांना एक मिनिटात ७० वेळा मूठ उघडझाप करायला सांगा. हात दुखायला लागला, की म्हणा, "हृदय हे झोपेतसुद्धा करतं!"