एजन्सी गेली, नाव राहिलं

चि. बाळ यास,


कंपनीच्या नोटिशीला द्यायच्या उत्तराचा तुझा मसुदा मिळाला. त्यातला तिसरा परिच्छेद आधी खोड. ‘पंचवीस लाख रुपये मिळाल्यास आम्ही दोन्ही डोमेन सोडण्यास तयार आहोत’ हे तू रागाच्या भरात लिहिलंस हे दिसतंच आहे, पण ते वाचून समोरच्या वकिलाला आनंदाच्या उकळ्या फुटतील. डोमेनच्या भांडणात वाईट हेतूचा पुरावा म्हणून ज्या गोष्टी धरल्या जातात त्यांत पहिलीच ही आहे: खर्चापेक्षा जास्त किमतीला व्यापारचिन्हाच्या मालकालाच विकावं म्हणून नाव घेऊन ठेवणं. दादाने २०११ साली ती नावं घेतली तेव्हा असलं काही त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तू मात्र एका ओळीत तसा संशय घ्यायला जागा करून देतोयस. आणि वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलं की सगळं झाकलं जातं, असंही समजू नकोस. या भांडणांत तडजोडीची पत्रंसुद्धा पंच पुष्कळदा वाचतात.

आता तुझ्या मूळ म्हणण्याकडे येते. फोनवर तू म्हणालास की इचलकरंजीत आणि विट्यात या कंपनीचं नाव कुत्रंही विचारत नव्हतं. दादाने स्कूटरवर रेपियर मागाचे पार्ट बांधून कारखान्या-कारखान्यांतून ते पोचवलं, रात्री-अपरात्री जॉबरच्या शेजारी उभं राहून माग सुरू करून दिले. खरं आहे, मी पाहिलंय ते. तुझं म्हणणं थोडक्यात असं की कसेल त्याची जमीन. पण १ एप्रिल १९५७ रोजी कुळं जमिनीची मालक झाली ती तसा कायदा होता म्हणून. व्यापारचिन्हांना कूळकायदा नाही. वितरकाने घाम गाळून कमावलेली पत चिन्हाच्या मालकाच्या खात्यात जमा होते आणि त्याची मजुरी कमिशनमध्ये मिळाली, असं कायदा धरून चालतो. हे न्याय्य आहे का? मला विचारशील तर पुरतं नाही. पण महिन्याच्या नोटिशीवर एजन्सी काढून घेतली, गोदामात माल पडून राहिला, कमिशन थकलं, या तक्रारी कराराच्या आहेत. त्या करारावर मांड, मी तुझ्या बाजूने भांडेन. डोमेन ओलीस धरून त्यातली एकही सुटणार नाही. उलट तुझी खरी बाजूसुद्धा खंडणीसारखी दिसू लागेल.

तुझ्या त्या सल्लागार मित्राने सुचवलेलं तेवढं मनातून काढूनच टाक. कंपनीचं चिन्ह गुपचूप भारतात आपल्याच नावावर नोंदवायचं म्हणे! एजंटाने असा उद्योग केला तर काय करायचं याची सोय पॅरिस करारात आहे आणि आपल्या १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १४६ मध्येही आहे. मालक ती नोंदणी रद्द करून घेऊ शकतो.

पण म्हणून तू चोर ठरत नाहीस. नोटिशीत कंपनीने ‘सायबर स्क्वॉटर’ हा शब्द तीनदा वापरलाय, त्याने दबून जाऊ नकोस. डॉट कॉम नावांच्या भांडणासाठी आयकॅन या संस्थेने १९९९ साली यूडीआरपी नावाचं धोरण केलं. जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडे जे दावे जातात ते त्याखालीच. त्यातला एक निकाल तू मुळातून वाचावास. २००१ साली ओकी डेटा या प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने एएसडी नावाच्या फर्मवर दावा लावला. ही फर्म ओकीचं अधिकृत दुरुस्ती केंद्र होती आणि ‘ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम’ या नावाने त्यांचे सुटे भाग विकत होती. पंच डेव्हिड बर्नस्टीन यांनी दावा फेटाळला. दुसऱ्याचं चिन्ह नावात घेऊनही विक्रेत्याचा व्यवहार प्रामाणिक असू शकतो, हे त्यांनी मान्य केलं आणि त्यासाठी चार कसोट्या घातल्या. तो माल तू खरोखर विकत असला पाहिजेस. त्या साइटवर त्याच चिन्हाचा माल हवा, दुसरा नको. मालकाशी तुझं नातं काय हे तिथे खरं सांगितलेलं हवं. आणि त्या चिन्हाची सगळी डोमेन स्वतःच गोळा करून मालकाला वाट बंद करायची नाही. एएसडी अधिकृत होती हे खरं, पण पुढे बहुतेक पंचांनी याच कसोट्या अनधिकृत विक्रेत्यांनाही लावल्या. तेव्हा एजन्सी गेलेल्या माणसालाही थोडी जागा आहे. फक्त ती अरुंद आहे, आणि तू सध्या तिच्या बाहेर उभा आहेस.

काल तुझी साइट उघडून पाहिली. वरच्या निळ्या पट्टीत अजून ‘भारतातील एकमेव अधिकृत वितरक’ असं लिहिलंय. डाव्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो आहे आणि खाली दादा त्यांच्या डायरेक्टरशी हस्तांदोलन करतानाचा तो जुना फोटो. मार्चपर्यंत यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. एजन्सी संपली त्या दिवशी पानावरचा स्वल्पविरामही बदलला नाही, पण पान खोटं झालं. माजी वितरक अडकतात ते बहुधा इथेच. कुणी काही वाईट केलेलं नसतं. जे काढायचं ते कुणी काढलेलं नसतं, इतकंच. पंचासमोर छापील स्क्रीनशॉट ठेवला जातो, त्यावर तारीख असते, आणि मग तुझ्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. पट्टी, लोगो, फोटो तिन्ही काढ. त्या जागी मोठ्या अक्षरांत लिही की आम्ही स्वतंत्र विक्रेते आहोत, कंपनीशी आमचा आता संबंध नाही, आमच्याकडे शिल्लक असलेले त्यांचे अस्सल पार्ट मिळतील. तळाला बारीक टाइपात नको, उघडताच दिसलं पाहिजे.

त्याच पानावर कोइम्बतूरच्या नव्या कंपनीचे पार्ट पाहिले तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारून घेतला. एका कंपनीच्या नावाने गिऱ्हाईक आत बोलवायचं आणि दुसरीचा माल दाखवायचा, याला कुठलाच पंच माफ करत नाही. ते आजच्या आज उतरव. गेल्या महिन्यात स्पेलिंग इकडेतिकडे करून घाईघाईने घेतलेली आणखी चार नावंही. ती विकू नकोस, लपवू नकोस. उत्तराच्या पत्रातच ती कंपनीला फुकट देऊ कर.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. तुझी दोन नावं दोन वेगळ्या नियमांखाली येतात. डॉट कॉमच्या बाबतीत नाव वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरलं, हे दोन्ही कंपनीला सिद्ध करावं लागतं. दादाने एजन्सी चालू असताना, त्यांच्या संमतीने ते घेतलं होतं. तसा ईमेल सापडला तर तुझी बाजू भक्कम आहे, आणि असे बरेच दावे ‘हा व्यापारी करारातला वाद आहे, कोर्टात जा’ म्हणून फेटाळलेही जातात. डॉट इनचं तसं नाही. ते डॉट इन नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी धोरणाखाली येतं. तिथे घेताना किंवा वापरताना, एका ठिकाणी हेतू वाईट दिसला तरी पुरतो. म्हणजे २०११ची दादाची सचोटी डॉट कॉमला वाचवेल, डॉट इनला वाचवेलच असं नाही. दोघांना एका उत्तरात कोंबू नकोस.

त्यात तुझं नाव म्हणजे कंपनीचं नाव अधिक ‘इंडिया’. त्यापेक्षा ‘पार्ट्स’ परवडलं असतं. देशाचं नाव जोडलं की ही कंपनीचीच इथली शाखा, असं वाचणाऱ्याला वाटतं. १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयात याहूने ‘याहूइंडिया डॉट कॉम’विरुद्ध मनाई मिळवली, तेव्हा ‘इंडिया’ जोडल्याने काही फरक पडला नाही. त्याच साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने ‘रॅडिफ’ थांबवलं, आणि २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही चिन्हासारखंच संरक्षण मिळतं हे पक्कं केलं. दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणशील आत्या घाबरवते. अमेरिकेत एक दलाल जोडपं ‘बाय-ए-लेक्सस डॉट कॉम’ या नावाने लेक्सस गाड्या मिळवून देत होतं. टोयोटाने त्यांच्यावर दावा लावला, खालच्या कोर्टात मनाईही मिळवली. २०१० साली अपील कोर्टाने ती रद्द केली. जो माल विकतोस त्याचं नाव घ्यायला बंदी नाही, असा त्याचा सूर. पण ते नाव त्यांच्याकडे काय मिळतं ते सांगत होतं, आम्ही लेक्सस आहोत असं म्हणत नव्हतं. तुझं नाव तसं म्हणतं.

म्हणून माझं मत: लढलास तर डॉट कॉम कदाचित राहील, पण ते राहून तुला मिळणार काय? पंच पैसे देववत नाही. वायपोचा निकाल नाव काढून घ्यायचं की नाही एवढाच. कंपनीला त्याची फी पंधराशे डॉलर, म्हणजे त्यांच्या एका मागाच्या किमतीपुढे चहापाणी. तुला उत्तराला वीस दिवस मिळतात आणि एकच पंच असला तर फी नाही, पण वकील आहे, कागद आहेत, आणि तोवर दुकानात तुझं लक्ष नाही.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. ती म्हणजे ईमेल. कारखानदारांच्या परचेस ऑर्डरी अजून त्याच पत्त्यावर येतात. बँक, जीएसटी पोर्टल, गूगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद, सगळ्यांचे पासवर्ड तिथेच अडकलेत. नाव एका दुपारी गेलं तर दुसऱ्या दिवशी तुला स्वतःच्याच खात्यात शिरता येणार नाही, आणि कारखानदारांचे भाव विचारणारे मेल थेट नव्या वितरकाच्या टेबलावर पडतील. म्हणून या आठवड्यात आपल्या आडनावाच्या फर्मचं साधं डोमेन घे आणि ही सगळी खाती एकेक करून तिकडे हलव. बिलबुकं, शिक्के, टेम्पोच्या मागचा पत्ता नंतर बदलता येईल. इचलकरंजीतले लोक तुझ्याकडे येतात ते ‘दादांचं दुकान’ म्हणून. त्यांना पार्टचा नंबरही धड सांगता येत नाही, वेबसाइटचं स्पेलिंग कुठून पाठ असणार?

ते हलवून झालं की मग कंपनीशी बोलू. नोंदणी आणि नूतनीकरणाचा प्रत्यक्ष खर्च माग, पावत्या लाव. सहा महिने जुन्या पत्त्यावरचे मेल तुझ्याकडे वळते ठेवायला सांग. मागच्या वापराबद्दल काही दावा करणार नाही हे लेखी घे, आणि शिल्लक माल त्यांचं नाव घेऊन विकायची मोकळीकही. गोदामातला माल परत घ्यायचं बोलणं त्याच बैठकीत काढता येईल, पण वेगळ्या पत्राने. नावं सुखासुखी मिळणार म्हटल्यावर मालाच्या बाबतीत ते नरमतील असं मला वाटतं.

त्याआधी एक तपास. डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे? कोल्हापूरच्या ज्या पोराने साइट केली त्याने ते स्वतःच्या ईमेलने घेतलं असण्याची दाट शक्यता आहे. ही पोरं तसंच करतात. तसं असेल तर आधी ते फर्मच्या नावावर आणावं लागेल की आहे तसं त्याच्याकडूनच कंपनीला द्यायचं, हे मी कागद पाहून सांगेन. तोवर त्याच्याशी गोड बोल, त्याचं काही बिल थकलं असेल तर चुकवून टाक.

२०११चा करार सगळ्या परिशिष्टांसकट स्कॅन करून पाठव. करारात ‘चिन्ह असलेलं डोमेन वितरकाने घेऊ नये’ किंवा ‘करार संपताच परत द्यावं’ असं एखादं कलम असलं तर वरच्या चार कसोट्यांचा काही उपयोग नाही, तिथे करारच चालतो. असली कलमं बहुधा मागच्या पानांत, बारीक अक्षरांत असतात. कोइम्बतूरवाल्यांचा करारही सही करण्याआधी पाठव. त्यात डोमेन त्यांनी घ्यावं, त्यांनीच नूतनीकरण करावं, आणि तुला फक्त त्यावरचं एक पान मिळावं असं घालून घेऊ.

उत्तर मी सोमवारी लिहून पाठवते. तोपर्यंत त्यांचा फोन आला तर ‘वकील पाहताहेत’ एवढंच बोल. दादाला यातलं सगळं सांगू नकोस, पण त्याच्या कपाटातली २०११ची फाइल मागून घे. त्या वेळचे ईमेल तो छापून ठेवायचा. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या