पाकीट आधी उलटं धरूया



जेवायला बसताना आपण हात जोडतो. समोर वरण-भात-भाजी असेल तर त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. पाकिटातला पदार्थ असेल तर मात्र पुढच्या बाजूला छापलेलं तेवढंच आपण वाचलेलं असतं. या आठवड्याच्या अभ्यासात पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकूया.

*प्रक्रिया म्हणजे सगळं वाईट का?*
नाही. पोहे, दही, लोणचं, भाजणी, आमसुलं या सगळ्यांवर प्रक्रिया झालेलीच असते. पण ती कांडण्याची, भाजण्याची, आंबवण्याची, वाळवण्याची. घरात करता येते आणि त्यात मूळ धान्य किंवा फळ ओळखू येतं. अतिप्रक्रिया केलेला पदार्थ वेगळा. त्यात धान्य-तेलातले घटक कारखान्यात सुटे काढतात आणि रंग, वास, चव मिसळून पुन्हा एकत्र बांधतात. घरच्या डब्यात कधीच नसतात अशी नावं यादीत दिसली की समजावं.

*संयम कुठे ठेवायचा?*
२०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मीठ, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखाच. खायचं मात्र हवं तेवढं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं.

म्हणजे मूल पाकीट संपवल्याशिवाय उठत नाही, याला केवळ त्याचा हट्ट कारण नाही. पाकीट फोडल्यावर संयम अवघड होतो, दुकानात तो सोपा असतो. म्हणून नेम दुकानात पाळायचा.

*मागची बाजू अशी वाचावी*
१. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिली तीन नावं वाचा. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटात पहिला मैदा आणि पुढे साखर असेल, तर तो मैदा-साखरेचाच पदार्थ.
२. साखर अनेक नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर असेल, तर ६० ग्रॅमच्या पुड्यात १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी.
३. मीठ ‘सोडियम’ म्हणून लिहितात. त्याला अडीचने गुणा. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा वाटा तिथेच संपला.
४. ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘वनस्पती’ शब्द दिसला की थांबा. हृदयाला घातक ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण मर्यादा म्हणजे शून्य नव्हे.
५. पुढच्या बाजूच्या शब्दांना भुलू नका. दुधात घालायच्या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं. कायद्यात अशी व्याख्याच नाही.

*आपल्या घरात काय करता येईल?*
‘घरी करा’ म्हणणं सोपं, पण सगळा भार घरातल्या एकाच बाईवर पडतो. म्हणून कष्ट न वाढवता बदल करूया. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, खजूर, केळी बाजारात तयार मिळतात. गोव्यात नाचणी, बेळगाव-हैदराबादकडे ज्वारी, इंदूरकडे पोहे घरात असतातच. मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं, गूळही साखरच आहे. त्यांनी फळं आणि खजूरही डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

*सात दिवसांचा नेम*
• बाजारात जाईल त्याने पाकीट आधी उलटं धरावं. अक्षरं बारीक असतात, तेव्हा मुलांनी मोठ्याने वाचून आजी-आजोबांना ऐकवावं.
• रोजच्या पाकिटांपैकी फक्त एक बंद करावं, सगळी एकदम नको.
• येत्या बैठकीत प्रसादाला बिस्किटाचा पुडा किंवा ‘उपवासाचे’ वेफर्स न ठेवता फळं किंवा शेंगदाणे ठेवावेत. मुलांच्या हातात प्रसाद म्हणून जे पडतं, ते चांगलंच असणार असं ती धरून चालतात. तो विश्वास आपण सांभाळायचा आहे.

कोणतं पाकीट बंद केलं, ते आठ दिवसांनी आपापल्या परिवाराच्या गटात जरूर कळवा. एकाचं वाचून दुसऱ्याला हुरूप येतो.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो 🙏